आधी कमी करून बघा: इनबिल्ट ग्राफिक्सच्या प्रोसेसरला ओव्हरक्लॉक करताना नेमके काय अडते?

तुमची अडचण मला समजली ती अशी. रायझन ५ ५६००जी, बी४५० चिपसेटचा चार स्लॉटचा बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० पट्ट्या, प्रोसेसरच्या खोक्यातून आलेला पंखा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. ग्राफिक्सचा क्लॉक, म्हणजे काम करण्याचा वेग, १९०० वरून २३०० मेगाहर्ट्झ केला (यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात), पण गेममध्ये फ्रेम वाढल्या नाहीत. उलट दहा-बारा मिनिटांनी चित्र अडखळू लागले. मग प्रोसेसरचे सहाही कोअर (काम करणारे भाग) १.३५ व्होल्टवर ४.५ गिगाहर्ट्झला बांधले, तेव्हापासून कधी स्क्रीन काळी होते, कधी मशीन आपोआप रीस्टार्ट होते. रॅम ३६०० वर सुरूच होत नाही. आणि हे सगळे अकोल्यात, एप्रिलमध्ये. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: चिप खराब निघाली का, आणि व्होल्टेज अजून किती वाढवू?

चिप खराब असल्याचे एकही लक्षण मला यात दिसत नाही. आणि व्होल्टेज सध्या अजिबात वाढवू नका. तुम्ही एकाच वेळी तीन गोष्टी ओढल्या आहेत. त्या तिन्ही एकाच ठिकाणाहून पाणी उपसतात, त्यामुळे कोणी कोणाचे पाणी तोडले ते कळायला मार्ग उरलेला नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन सगळे मूळ सेटिंगवर आणा, फक्त रॅमचे एक्सएमपी (पट्टीवर छापलेला वेग लावणारी सेटिंग) चालू ठेवा, आणि मगच पुढचे वाचा. तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टच्या फायली या मशीनवर असतील तर आजच्या आज त्यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. अस्थिर रॅमवर चाललेले मशीन बंद पडण्याआधी फायली गुपचूप बिघडवते. ते लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

विहीर सामाईक आहे

५६००जी मध्ये झेन ३ चे सहा कोअर, सात कॉम्प्युट युनिटचे व्हेगा ग्राफिक्स आणि रॅमचा कंट्रोलर हे सगळे ७ नॅनोमीटरच्या एकाच तुकड्यावर आहे. ५६००एक्ससारखे (याच पिढीचा, पण इनबिल्ट ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर) दोन वेगळे तुकडे जोडलेले नाहीत. म्हणजे उष्णता एकच, वर बसलेला हीटसिंक एकच आणि विजेचा हिशोबही एकच. ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणून तो विकला जात असला तरी सॉकेटमधून त्याला प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत घेण्याची मुभा असते. त्या मर्यादेला पीपीटी म्हणतात. त्या ८८ वॅटमध्ये कोअरने जास्त घेतले की ग्राफिक्सला कमी उरते. चिपमधला छोटा कंट्रोलर ही वाटणी सतत करत असतो.

पण याहून मोठी गोष्ट रॅमची आहे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते, इथे ती नाही. डीडीआर४-३२०० च्या दोन पट्ट्या दोन चॅनेलमध्ये मिळून सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ जीबी डेटा देऊ शकतात. तो सहा कोअर आणि ग्राफिक्स यांनी वाटून घ्यायचा. तुलनेसाठी जीटीएक्स १६५० या वेगळ्या कार्डाच्या जीडीडीआर५ आवृत्तीकडे सेकंदाला १२८ जीबी आहेत, तेही एकट्या ग्राफिक्ससाठी. जीटी १०३० चे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. त्याच नावाचे कार्ड आधी जीडीडीआर५ वर ४८ जीबी प्रति सेकंदाने आले आणि २०१८ मध्ये डीडीआर४ वर १६.८ जीबीने आले. कोअर तितकेच, ३८४. तरी दुसरे कार्ड गेममध्ये इतके मागे पडले की ते एकाच नावाने विकू नये असे लोक उघडपणे म्हणू लागले.

तुमच्या विदर्भातल्या विहिरीचेच बघा. तीन अश्वशक्तीची मोटर काढून दहाची बसवली म्हणून झरे वाढत नाहीत, मोटर लवकर कोरडी पडते इतकेच. १९०० चे २३०० केले तेव्हा तुम्ही मोटर बदललीत. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून?

वाढवू नका, कमी करा

आता या उत्तरातली सर्वांत कामाची गोष्ट सांगतो. मर्यादा कुठे आहे हे वाढवून बघितले तर नीट कळत नाही, कारण वाढवल्यावर उष्णता, वीज, अस्थिरता असे सगळेच एकदम बदलते. कमी करून बघितले तर लगेच कळते. कमी केल्याने मशीन बंद पडत नाही, गरम होत नाही, आणि जे खरोखर अडवत होते तेच तेवढे दुखते.

तुमचा नेहमीचा एक गेम घ्या, त्यातला एकच प्रसंग ठरवा, किंवा सुपरपोझिशनसारखी ठरावीक चाचणी घ्या. सगळे मूळ सेटिंगवर असताना तीन वेळा चालवून सरासरी फ्रेम लिहून ठेवा. वहीत लिहा, लक्षात राहील म्हणू नका. मग बायोसमध्ये ग्राफिक्सचा क्लॉक १९०० वरून १७०० करा, बाकी काही हलवू नका, आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. क्लॉक साधारण साडेदहा टक्क्यांनी उतरला. फ्रेमही आठ-दहा टक्क्यांनी उतरल्या तर ग्राफिक्सचा क्लॉक हीच तुमची अडचण आहे आणि तो वाढवण्यात अर्थ आहे. फ्रेम जेमतेम एक-दोन टक्क्यांनी हलल्या तर क्लॉक वाढवूनही तेवढेच मिळेल. त्यासाठी चिप तापवायची गरज नाही.

नंतर ग्राफिक्स परत १९०० ला न्या आणि रॅम ३२०० वरून २६६६ वर आणा. बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला मिळू शकणारा डेटा, सहाव्या हिश्शाने घटते. इथे फ्रेम दहा-बारा टक्के पडल्या तर उत्तर मिळाले: तुमची भिंत रॅम आहे. ५६००जी वर १०८० रिझोल्यूशनला बहुतेक गेमांत हेच दिसेल अशी माझी अपेक्षा आहे.

तिसरी चाचणी कोअरची. गेमचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. फ्रेम भरपूर वाढल्या तर कोअरकडे अजून दम आहे आणि अडते ते ग्राफिक्सच्या बाजूला. काहीच वाढल्या नाहीत तरच प्रोसेसरचा क्लॉक हा तुमचा विषय आहे. बहुतेक वेळा तो नसतो. म्हणूनच सहाही कोअर ४.५ ला बांधण्याचा तुमचा प्रयत्न मला सर्वांत कमी फायद्याचा आणि सर्वांत जास्त जोखमीचा वाटतो. हा प्रोसेसर स्वतःहून एका कोअरवर ४.४ पर्यंत जातोच. शंभर मेगाहर्ट्झसाठी तुम्ही त्याची वीज वाटण्याची सगळी अक्कल बंद करून टाकली. हाताने क्लॉक बांधला की पीपीटीची मर्यादाही उठते, मागे राहतो तो फक्त तापमानाचा पहारा.

या चाचण्यांआधी दोन पट्ट्या खरोखर दोन चॅनेलमध्ये आहेत ना ते बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. शेजारी-शेजारी लावल्या असतील तर अर्धी बँडविड्थ गेली. झेनटायमिंग्ज हा छोटा प्रोग्रॅम चालवला की रॅमचा खरा वेग, फॅब्रिकचा (चिपच्या आतले भाग जोडणाऱ्या वाटेचा) वेग आणि कंट्रोलरचा वेग एका नजरेत दिसतो. आपल्याकडे असेंबल करून मिळणाऱ्या मशीनमध्ये एकच पट्टी आणि एक्सएमपी बंद, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की ओव्हरक्लॉकिंगचा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मी आधी हेच विचारतो.

दहा मिनिटांनी का अडखळते

सुरुवातीला ठीक आणि मग अडखळणे, याचा अर्थ बहुतेक वेळा काहीतरी तापले किंवा कुठला तरी विजेचा हिशोब पूर्ण झाला. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान, वीज आणि क्लॉक दाखवणारा प्रोग्रॅम चालू ठेवा, त्याची नोंद फायलीत घ्या आणि पंधरा-वीस मिनिटे खेळा. नंतर ज्या क्षणी ग्राफिक्सचा क्लॉक खाली आला त्या ओळीवर जा आणि शेजारचे आकडे वाचा.

तापमान ९५ अंशांवर टेकले असेल तर कूलर कमी पडतोय. या प्रोसेसरची कमाल मर्यादा तीच आहे. तापमान ८०-८५ आणि पीपीटी मात्र एका आकड्यावर खिळल्यासारखा स्थिर असेल तर विजेची मर्यादा लागली. तो आकडा ८८ असेल तर नेहमीचीच मर्यादा. ६५ च्या आसपास असेल तर बायोसमध्ये सीटीडीपी किंवा एसटीएपीएम नावाची सेटिंग शोधा. या चिपचा सीटीडीपी, म्हणजे आपण ठरवून द्यायची विजेची मर्यादा, ४५ ते ६५ वॅटमध्ये ठरवता येतो, आणि तो ४५ वर राहिलेला असला तर सगळी मेहनत वाया.

एसटीएपीएमबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण ही गोष्ट लोकांना वेड लावते. ही लॅपटॉपसाठीची व्यवस्था आहे. लॅपटॉपची बाहेरची बाजू मांडीला चटका लागेल इतकी तापू नये म्हणून चिप काही मिनिटांच्या सरासरीवर वीज कमी करते. डेस्कटॉपला मांडी नसते, पण लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांच्या चिप एकाच घडणीच्या असल्याने ही मर्यादा कधी कधी मागे राहून जाते. २०२४ च्या जानेवारीत एएम५ या नव्या सॉकेटवर ८७००जी आणि ८६००जी हे इनबिल्ट ग्राफिक्सचे प्रोसेसर आले तेव्हा नेमके हेच झाले. काही मिनिटांच्या भारानंतर वीज आपोआप कमी होत असल्याचे समीक्षकांनी दाखवले. डेस्कटॉपवर ही मर्यादा असायला नको होती हे एएमडीने मान्य केले आणि नव्या बायोसमधून ती काढली गेली. त्यामुळे तुमच्या बोर्डाचा बायोस जुना असेल तर तो नवा करणे हे कुठल्याही व्होल्टेजच्या आधीचे काम आहे. मात्र ते मशीन मूळ सेटिंगवर असतानाच करा, आणि वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएसवर करा.

आता तिसरी शक्यता, जी सहसा कोणी तपासत नाही. तापमान ठीक, पीपीटी ठीक, तरी क्लॉक एकदम ४०० मेगाहर्ट्झला कोसळतो आणि काही सेकंदांनी परत येतो. अशा वेळी एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोकहॉट एक्स्टर्नल ही ओळ बघा. तिथे ‘होय’ दिसले तर थांबण्याचा आदेश चिपने दिलेला नाही, बोर्डाने दिला आहे. बोर्डावरचा व्हीआरएम, म्हणजे १२ व्होल्टचे एक-सव्वा व्होल्ट करून देणारा भाग, तापला आहे. एएम४ बोर्डांवर (तुमचा बोर्ड याच सॉकेटचा) इनबिल्ट ग्राफिक्सला वीज मिळते ती एसओसीच्या रेलवरून, म्हणजे कोअर सोडून चिपच्या इतर भागांना वीज देणाऱ्या वेगळ्या वाटेवरून. कोअरसाठी चार फेज (वीज पुरवणाऱ्या शाखा) असतील तर एसओसीसाठी बहुधा दोनच असतात. स्वस्त बोर्डात हीटसिंक कोअरच्या फेजवर असतो, या दोघांवर नसतो. वेगळे कार्ड लावणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. इनबिल्ट ग्राफिक्स ओव्हरक्लॉक करणारा मात्र सगळा भार नेमका याच उघड्या जागेवर टाकतो.

हे मी स्वतः भोगले आहे. २०१९ च्या शेवटी माझ्याकडे ३४००जी हा इनबिल्ट ग्राफिक्सचाच जुना प्रोसेसर होता, त्यातले व्हेगा ११ ग्राफिक्स मी १४०० वरून १६५० ला चालवत होतो. मूळ पंखा आवाज करतो म्हणून काढला आणि उभा टॉवर कूलर बसवला. प्रोसेसरचे तापमान सुरेख उतरले. आणि ग्राफिक्स आधी कधी कोसळत नव्हते ते पाव तासात कोसळायला लागले. तीन दिवस मी ड्रायव्हर बदलत राहिलो, पेस्ट पुन्हा लावली, एकदा विंडोजही नव्याने टाकले. शेवटी इन्फ्रारेड थर्मामीटर बोर्डावर धरला तेव्हा एसओसीच्या मॉसफेटजवळ (व्हीआरएममधल्या तापणाऱ्या स्विचजवळ) ११० च्या पुढचा आकडा आला. जुना पंखा हवा खाली ढकलत होता, म्हणजे बोर्डालाही वारा देत होता. टॉवर कूलर हवा आडवी मागे नेतो, त्यामुळे व्हीआरएमचा वाराच मी तोडला होता. ८० मिलिमीटरचा एक साधा पंखा केबल-टायने तिथे बांधला आणि त्रास संपला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ती तीन दिवसांची धावपळ होती. म्हणून सांगतो, कूलर बदलणार असाल तर व्हीआरएमवर वारा राहील याची आधी सोय करा.

काळी स्क्रीन आणि रीस्टार्ट ही दोन वेगळी दुखणी आहेत

तुम्ही दोन्ही एका वाक्यात लिहिलीत, पण त्यांची कारणे वेगळी असतात. स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येते आणि गेम बंद पडलेला असतो, तेव्हा ग्राफिक्सने उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केलेला असतो. विंडोज मुळात दोन सेकंद वाट बघते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाची नोंद सापडेल. हे ग्राफिक्सच्या क्लॉकचे किंवा त्याच्या व्होल्टेजचे दुखणे.

निळी स्क्रीनही न येता मशीन एकदम रीस्टार्ट झाले तर तिथेच डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची) १८ क्रमांकाची नोंद शोधा. ती असेल तर कोअरचे दुखणे आहे असे समजून चाला, म्हणजे तुमचा तो ४.५ गिगाहर्ट्झ. फक्त कर्नल-पॉवर ४१ दिसली तर तिच्यावरून काहीच ठरवू नका. मशीन नीट बंद झाले नव्हते एवढेच ती सांगते. पण १८ नाही, फक्त ४१ आहे आणि भार वाढताच मशीन बंद होते, असे असेल तर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलून बघा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असले तरी त्याचा १२ व्होल्टचा रेल तेवढा ताकदीचा असतोच असे नाही. ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस एक दिवस मागून आणा, दुकानात जाऊन नवा घेण्याआधी.

गेममध्ये रंगीत त्रिकोण, ताणलेले चेहरे, चमकणारे ठिपके दिसले तर वेगळ्या कार्डावर आपण कार्डाच्या मेमरीला दोष देतो. इथे ती मेमरी म्हणजे तुमची रॅमच आहे. त्यामुळे असे ठिपके दिसले की ग्राफिक्सचा क्लॉक कमी करण्याआधी रॅम ३२०० वर आणून बघा.

रॅम ३६०० ला का येत नाही

बहुधा तुम्ही एक्सएमपी लावून फक्त वेग ३६०० केला आणि टायमिंग, म्हणजे रॅमने किती चक्रांत उत्तर द्यायचे ते आकडे, तसेच ठेवले. त्यातला पहिला, सीएल १६, हा आकडा क्लॉकच्या चक्रांमध्ये असतो. ३२०० वर १६ चक्रे म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० वर तीच १६ चक्रे म्हणजे ८.९ नॅनोसेकंद. तुम्ही रॅमला नुसते जास्त वेगाने धावायला सांगितले नाही, उत्तरही आधी द्यायला सांगितले. स्वस्त पट्टीला ते झेपत नाही. १८-२२-२२-४२ टाका. १८ चक्रे ३६०० वर पुन्हा बरोबर १० नॅनोसेकंद होतात. टीआरएफसी, म्हणजे रॅमला स्वतःतला डेटा ताजा करायला लागणारा वेळ, तोही सैल ठेवा. ८ गिगाबिटच्या चिपसाठी प्रमाणित आकडा ३५० नॅनोसेकंद आहे, म्हणजे ३६०० वर ६३० चक्रे. आधी एवढ्यावर मशीन उठते का बघा, घट्ट नंतर करता येते. रॅमचे व्होल्टेज १.३५ वरून १.४० केले तरी हरकत नाही. एसओसीचे व्होल्टेज १.१० पासून सुरू करा.

फॅब्रिकचा वेग हाताने १८०० टाका. रॅम ३६०० म्हणजे तिचा खरा क्लॉक १८००, आणि फॅब्रिक व कंट्रोलर दोन्ही त्याच्या बरोबरीने धावले पाहिजेत. बोर्डावर सोडले तर एका मर्यादेपुढे तो कंट्रोलरचा वेग निम्मा करतो. मग रॅमचा आकडा मोठा दिसतो आणि हाती पूर्वीपेक्षा कमी येते. एकाच तुकड्यावर घडलेली असल्याने ५६००जी सारखी ‘जी’ मालिकेची चिप इथे उदार आहे. ५६००एक्ससारख्या प्रोसेसरला फॅब्रिक १९०० च्या आसपास अडते, ५६००जी अनेकदा २००० च्याही पुढे जातो. म्हणजे तुमच्या मशीनमध्ये ३६०० ला अडवणारा प्रोसेसर असण्याची शक्यता कमी, पट्ट्या किंवा बोर्ड असण्याची जास्त.

पट्ट्यांमध्ये एक गोष्ट डोळ्यांनी बघता येते. हीटस्प्रेडर नसेल तर पट्टीवर चिप किती आहेत ते मोजा. ८ जीबीच्या पट्टीवर आठ चिप असतील तर उत्तम. चारच असतील तर त्या सोळा बिट रुंदीच्या आहेत, आणि अशा चिपमध्ये बँकांचे गट चारऐवजी दोनच असतात. वेग आणि सीएल दोन्ही स्टिकरवर तेच असतात, पण इनबिल्ट ग्राफिक्सला फरक जाणवतो. पुढे कधी १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्यायची वेळ आली तर दोन रँकच्या (चिपचे दोन गट असलेल्या) मिळतात का बघा. दोन रँक आलटून-पालटून वापरता येत असल्याने त्याच वेगावर ग्राफिक्सला थोडे जास्त मिळते. यूएमए फ्रेम बफर (रॅममधला ग्राफिक्ससाठी राखलेला हिस्सा) ५१२ एमबीवरून २ जीबी केल्याने मात्र बँडविड्थ वाढत नाही. एखादा गेम कमी मेमरी दिसते म्हणून सुरूच होत नसेल तर तेवढ्यापुरते करा.

रॅम उठली म्हणजे स्थिर झाली असे नाही. टेस्टमेम५ दोन तास चालवा, रात्री मेमटेस्ट८६ लावून झोपा. आणि त्यानंतर ग्राफिक्सवर भार टाकून पुन्हा एकदा तपासा, कारण कंट्रोलर आणि ग्राफिक्स एकाच तुकड्यावर आहेत. गार असताना उत्तीर्ण झालेली रॅम शेजारी तापल्यावर नापास होऊ शकते. एक जरी चूक दिसली तरी वेग एक पायरी खाली घ्या. एकच तर आहे, असे म्हणून सोडून देऊ नका.

मग व्होल्टेज कधी आणि किती

रॅम ठरली की ग्राफिक्सकडे या. २००० वर मूळ व्होल्टेजला चालते का बघा, मग ५०-५० मेगाहर्ट्झने वर जा. अडेल तिथे एसओसीचे व्होल्टेज ०.०२५ ने वाढवा. मी स्वतः रोजच्या वापराच्या मशीनमध्ये १.२० च्या पुढे जात नाही आणि तुम्हीही जाऊ नये असे मला मनापासून वाटते. चिपने खाल्लेली वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.१० चे १.२० केले की नुसत्या व्होल्टेजमुळे १९ टक्के वीज वाढली. त्यात १९०० चे २३०० धरा, एकूण ४४ टक्के. एवढी जास्तीची उष्णता त्याच दोन उघड्या फेजमधून जाणार. बोर्डाच्या ‘ऑटो’वरही आंधळा विश्वास ठेवू नका. २०२३ मध्ये एएम५ वर काही प्रोसेसर जळाल्याची प्रकरणे झाली, तेव्हा बोर्ड स्वतःहूनच एसओसीचे व्होल्टेज फार वर नेत असल्याचे पुढे आले आणि एएमडीने ते १.३० वर बांधून टाकले. तुमचा प्लॅटफॉर्म वेगळा आहे, पण व्होल्टेज ऑटोवर न सोडता स्वतः टाकण्याची सवय इथेही चांगली.

कोअर मूळ सेटिंगवरच ठेवा. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचे व्होल्टेज थोडे कमी-जास्त करणारी सेटिंग) असेल तर सगळ्या कोअरना उणे १० देऊन बघा, स्थिर राहिले तर उणे १५. कोअर तेच काम कमी विजेत करतात आणि वाचलेले वॅट ग्राफिक्सच्या वाट्याला जातात. कोअर वेगवान करण्यापेक्षा त्यांना काटकसर शिकवल्याने या चिपमध्ये गेम जास्त सुरळीत चालतो. मात्र उणे आकड्याची चाचणी भाराखाली करून भागत नाही. मशीन रिकामे असताना, ब्राउझर चाळताना एखाद-दुसरा कोअर वर उसळी घेतो तेव्हा रीस्टार्ट होते. दोन-तीन दिवस साधे काम करून बघा.

इंटेलच्या बाराव्या पिढीचा ‘के’ नसलेला प्रोसेसर असणाऱ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे: तिथे मल्टिप्लायर (ज्याने क्लॉक वाढवतात ती सेटिंग) तर बंद आहेच, पण मेमरी कंट्रोलरचे व्होल्टेजही बांधलेले आहे. म्हणून रॅम एका ठिकाणी अडली तर पट्टी बदलून फार काही हाती लागणार नाही.

अकोल्याचा उन्हाळा

हा भाग मी शेवटी ठेवला, पण तुमच्या बाबतीत तो निम्मे उत्तर आहे. समजा तुमचा कूलर २५ अंशांच्या खोलीत ८८ वॅटला बरोबर ९५ अंशांवर थांबतो. म्हणजे ७० अंशांच्या फरकात तो ८८ वॅट बाहेर टाकतो. आता खोली ३८ वर गेली. फरक उरला ५७ अंशांचा, आणि तेवढ्यात तोच कूलर साधारण ७२ वॅटच बाहेर टाकू शकतो. सोळा वॅट नुसत्या ऋतूने खाल्ले. पुण्यात डिसेंबरमध्ये कोणी २३०० मेगाहर्ट्झ चालवून दाखवतो ते खरेच असते, पण तो आकडा त्या खोलीचाही असतो.

म्हणून तुमची अंतिम चाचणी दुपारी दोन ते चारमध्ये घ्या, रात्री नाही. कॅबिनेटची बाजू लावून घ्या, उघडी ठेवून नको, कारण रोज तुम्ही ती लावूनच वापरणार. खसाच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. हवा गार असते, पण तिच्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब आणि क्षार आत जातात, आणि धूळ त्यावर चिकटून बसते. कूलर खोलीत असू द्या, कॅबिनेट त्याच्या वाटेतून बाजूला. पुढची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा.

तुमच्या मशीनचा माझा अंदाज सांगतो: रॅम ३६००, पट्ट्या चांगल्या निघाल्या तर ३८००, फॅब्रिक बरोबरीने, ग्राफिक्स २१०० च्या आसपास, एसओसी १.१५ पर्यंत, कोअर मूळ सेटिंगवर, थोडा उणे कर्व्ह देऊन. ३२०० ची रॅम ३६०० झाली की बँडविड्थ ५१.२ वरून ५७.६ होते, साडेबारा टक्के, आणि तुमच्या गेममध्ये जी काही वाढ दिसेल ती मुख्यतः तिथूनच येईल. ग्राफिक्स २१०० वरून २३०० ला न्यायचे की नाही हे मला विचारू नका. तेव्हा पुन्हा एकदा २१०० वरून १९०० वर उतरवून बघा. फ्रेम हलल्या नाहीत तर उत्तर मिळालेच. आणि आता एप्रिलमध्ये जे ठरेल ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा दुपारी तपासून घ्या. तेव्हा ग्राफिक्स ५० मेगाहर्ट्झ खाली आणावे लागले तर बिनधास्त आणा.